जिपारला दिलेला कान

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी वारा लागतो, आणि माझा आवाज काही मोठा नाही. आज तुम्हांला आपल्या डोंगरातल्या कोच्कोर गावच्या तोक्तोसुनबाबांची गोष्ट सांगते. बाबा गाऊन उपदेश करायचे. त्यांच्या पोटात दोन दिवस जी आग भडकली होती तिची ही गोष्ट. घडली देवाच्या घरात, पण मत्सर तिच्यात पोटभर आहे. देवाच्या घरातही माणसंच राहतात, काय करणार.

बाबांना ज्यांनी ऐकलं नाही त्यांना कसं सांगू? कोमुझ मांडीवर घ्यायचे. तीन तारांचं ते जर्दाळूच्या लाकडाचं वाद्य, त्यांच्याइतकंच जुनं. आधी साधं बोलायचे, जसं शेजाऱ्याशी बोलावं तसं. गुरं कशी आहेत, बर्फ किती पडला. बोलता बोलता वाक्याला चाल कधी लागली ते कळायचंच नाही. आपण कान देऊन बसलेलो असायचो आणि अचानक जाणवायचं, अरे, हा माणूस गातोय आणि आपले डोळे भरलेत. त्यांचा सगळ्यांत आवडता उपदेश मेंढपाळाचा. दोलोनच्या घाटात बर्फाचं वादळ सुटलंय आणि मेंढपाळ एकेका मेंढीला नावानं हाक मारत वर चढतोय. तो उपदेश त्यांनी स्वतः रचला होता. तो ऐकून माझ्या ओळखीच्या तिघांनी दारू सोडली.

बाबांचं एकच स्वप्न होतं, गाण्याचं घर. एक मोठी खोली, मधोमध चूल, भिंतीवर वीस कोमुझ, आणि गाऊन उपदेश करायला शिकणारी माणसं. तीस वर्षं ते हेच सांगत होते. लोक म्हणायचे, "होईल, तोके, होईल." आमच्याकडे मोठ्या माणसाचं नाव पुरतं घेत नाहीत, म्हणून तोके.

तर त्या वर्षी शरद ऋतूत आमच्या ख्रिस्ती संघाच्या अकरा मंडळ्या, म्हणजे गावोगावचे प्रार्थनेला जमणारे लोक, कोच्कोरला जमल्या. पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायचा होता. संघाचा सचिव एमिलबेक बिश्केकहून आला तो भेंडोळंभर मोठे कागद आणि रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे घेऊन. माणूस चाळिशीचा, मनानं सरळ, फक्त पेन हातात नसलं की त्याला बोलता येत नाही.

"डोळे मिटा," एमिलबेक म्हणाला. "दहा वर्षांनी आपल्या मंडळ्या कशा असतील ते बघा. मग डोळे उघडा आणि दिसलं ते लिहा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट."

बाबांनी डोळे मिटले. त्यांना चूल दिसली, वीस कोमुझ दिसले, आणि दारासमोरच्या मानाच्या जागी गादीवर बसलेले स्वतः दिसले. दहा वर्षांनी आपण एक्याऐंशीचे असू, हे काही दिसलं नाही.

चिठ्ठ्या भिंतीवर लागल्या आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाण्याचं घर कितीतरी जणांनी लिहिलं होतं. तीस वर्षं ज्याला "होईल" म्हणत होते, ते कागदावर आलं. एमिलबेकनं आराखड्यात पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं, "गाण्याचं घर, नारिन गावी." मग म्हणाला, "आता ते दहा वर्षं कोण सांभाळेल, त्याचं नाव लिहा."

चाळीस चिठ्ठ्या आल्या. एमिलबेक एकेक वाचू लागला. जिपार. जिपार. जिपार. नारिनची जिपार. आमची जिपार. मध्येच एका चिठ्ठीवर तोक्तोसुन निघालं. तेही त्यानं तेवढ्याच अदबीनं वाचलं आणि भिंतीवर लावलं. जांभळ्या शाईत लिहिलेलं होतं. जांभळी शाई अख्ख्या संघात एकच माणूस वापरतो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं बाबांना वाटलं.

ही जिपार म्हणजे बाबांच्या शेजारची पोर. बाप लवकर गेला. नऊ वर्षांची असल्यापासून बाबांच्या चुलीपाशी बसून कोमुझ शिकली. आता चौतीस वर्षांची, नारिनच्या मंडळीत सेवा करते. तिचा आवाज असा, की बाबांच्या गाण्यात जिथं जिना होता तिथं तिला जणू पंखच होते. हे बाबांना ठाऊक होतं. दहा वर्षांपासून ठाऊक होतं, आणि दहा वर्षांत त्यांनी ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

घरी परतताना त्यांनी बायकोला, आयिमकानला विचारलं, "तू कोणाचं नाव लिहिलंस?"

"जिपारचं."

"चाळीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलास तू."

"म्हणून तर," आयिमकान म्हणाली. "तुमचं गाणं मंडळी ऐकते. तुमचा खोकला मी ऐकते."

"माझं घर दुसऱ्याला दिलं त्यांनी."

"अजून चार भिंतीही नाहीत त्याला. कागदावरच्या घरातून कोणी कोणाला बाहेर काढतं का?"

बाबा पुढे चालत राहिले. पण त्यांच्या मनात एक गोष्ट घोळू लागली होती. आमच्या संघात हात वर करून मतं मोजत नाहीत. बोलणं संपलं की सगळ्यांत ज्येष्ठ माणूस दोन्ही तळवे उघडतो, आशीर्वाद देतो, आणि मग ती गोष्ट ठरते. तळवे उघडले नाहीत, तर विषय पुढच्या शरदापर्यंत बासनात. आणि सगळ्यांत ज्येष्ठ तेच होते. माझे हात आहेत, बाबांनी मनात म्हटलं. मांडीवरच राहतील.

दुसऱ्या दिवशी मेंढी कापली. जमिनीवर लांबलचक कापड अंथरलं, त्यावर पाव, कणकेचे तळलेले बोरसोक, चहा. ज्याच्या त्याच्या वयाला आणि मानाला साजेसा तुकडा प्रत्येकापुढे गेला, आणि कोच्कोरच्या रीतीप्रमाणे मेंढीचं डोकं बाबांपुढे आलं, सुरीसकट.

डोकं ज्याच्यापुढे येतं त्यानं ते एकट्यानं खायचं नसतं, वाटायचं असतं. जो आपल्याला वारंवार दिसावा असं वाटतं त्याला डोळा. लहान मुलाला कान, म्हणजे पोर मोठ्यांचं ऐकेल. आणि तोंडातली टाळू लेकीला, म्हणजे तिची कला फुलेल.

बाबांनी डोळा काढून आयिमकानला दिला. "रोज दिसतेसच, तरी घे." मंडळी हसली. दरवर्षी टाळू जिपारला जायची, ती नऊ वर्षांची होती तेव्हापासून. सवयीनं तिनं दोन्ही हात पुढे केले. बाबांनी टाळू काढली, पावात गुंडाळली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली. मग कान कापला. खोलीत तीन लहान मुलं होती, तिघंही कानाकडे डोळे लावून बसलेली. बाबांनी कान जिपारच्या पसरलेल्या हातांवर ठेवला.

"घे, मुली. आधी ऐकायला शिक."

चहाचे पेले जिथल्या तिथे थांबले. दहा वर्षांचं घर ज्या बाईच्या हाती द्यायचं, तिला चाळीस माणसांसमोर लहान पोराचा कान. याहून कमी शब्दांत कोणाला खाली बसवता येत नाही आमच्याकडे.

जिपारचं तोंड कपाळापर्यंत लाल झालं. तिनं हात मागे घेतले नाहीत. कान खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाली, "ऐकते, तोके." आवाजात टोमणा नव्हता. बाबांना तेच जास्त लागलं.

आयिमकान शेजारून हलकेच पुटपुटली, "मेंढी मेली तरी तिचा कान कोणाच्या तरी कामी आला. तुमचे दोन्ही शाबूत आहेत, उपयोग काय?"

जेवणानंतर शेवटचा विषय गाण्याच्या घराचा होता. एमिलबेकनं घसा साफ केला, बाबांकडे बघायचं टाळलं आणि जिपारला विचारलं, "जिपार, तिथं नेमकं काय शिकवणार ते मंडळीला सांगता का?"

"बोलून काय सांगू?" जिपार म्हणाली. "माझ्या चौघी आल्या आहेत. त्यांनाच म्हणू दे."

"चौघी?" बाबांच्या तोंडून निघालं. "कोण चौघी?"

नारिनच्या चार बायका मागून उठून पुढे आल्या. दोन हिवाळे जिपारच्या स्वयंपाकघरात शिकत होत्या म्हणे. पुढे होती ती बुरुल, दूध विकणारी, हात भाकरीसारखे जाड. म्हणजे घर कागदावर यायच्या आधीच चालू होतं, आणि आपल्याला पत्ता नाही. बाबांच्या पोटातली आग घशापर्यंत आली.

बुरुलनं कोमुझ घेतला, गुरांचं विचारलं, बर्फाचं विचारलं, आणि वाक्याला चाल लागली. मेंढपाळाचा उपदेश. बाबांचा.

बाबा डोळे मिटून चुका शोधू लागले. ही तार सैल आहे. ही फारच घाई करते. वादळ सुटलं, मेंढपाळ चढू लागला. चौघींनी एकत्र सूर धरला, आणि बाबांच्या अंगावर काटा आला तो त्यांनी दाबून टाकला. मग ती ओळ आली, सगळ्यांत उंच. मेंढपाळ खिंडीच्या तोंडाशी पोचतो ती. आता कळेल, बाबा मनात म्हणाले.

त्या ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी चौघीही थांबल्या. श्वास घेतला. मधली तार दोनदा हलकेच छेडली. मग शब्द म्हटला.

बाबांनी डोळे उघडले. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला होता. त्यानंतर त्या शब्दापर्यंत त्यांचा दम पुरेनासा झाला. तिथं ते थांबायचे, श्वास घ्यायचे, आणि लोकांना कळू नये म्हणून मधली तार दोनदा छेडायचे. पंचवीस वर्षं ती त्यांची लपवलेली लाज होती. आणि आज चार धडधाकट बायका भर सभेत तिची नक्कल करत होत्या.

"थांबा," बाबा उठून उभे राहिले. "माझी छाती खराब आहे, म्हणून मी तिथं थांबतो. तुम्हांला काय झालंय? कान दिला म्हणून वचपा काढताय का माझा?"

बुरुल गोंधळली. तिनं जिपारकडे पाहिलं, मग बाबांकडे. "वचपा कसला, तोके? तिथं मेंढपाळ मागे वळून बघतो ना."

"कोण बघतो?"

"मेंढपाळ. खिंड आली, पलीकडे कुरण दिसलं, पण पाऊल टाकायच्या आधी तो थांबतो. मागची सगळ्यांत लहान मेंढी येतेय का बघतो. दोनदा हाक मारतो, म्हणून तार दोनदा. जिपारताईनं आम्हांला तसंच शिकवलं. पहिला महिनाभर तर दुसरं काही शिकवलंच नाही. म्हणाली, थांबता आलं नाही तर गाऊ नका."

बाबांनी जिपारकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती.

"मी नऊ वर्षांची होते, तोके," ती म्हणाली. "वडील नुकतेच गेले होते. तुम्ही तिथं थांबलात, आणि मला वाटलं, मेंढपाळ माझ्यासाठी थांबला. मी सगळ्यांत मागे आहे हे त्याला दिसलं."

"अगं, मला दम लागला होता," बाबा म्हणाले.

"असेल. पण आम्ही आता तिथं वळून बघतो. ते गाण्यातून कसं काढू?"

मागून कोणीतरी नाक शिंकरलं. एमिलबेकच्या हातात पेन होतं, तरी त्याला काही बोलता येईना.

बाबा उभेच होते. सगळ्यांना वाटलं असेल, म्हातारा विरघळला. मी सांगते, नव्हता विरघळला. आग तशीच होती, उलट एक चटका वाढला होता. जी गोष्ट त्यांनी लपवली, तिच्यातून या पोरीनं असा उपदेश काढला होता जो त्यांना स्वतःला कधी सुचला नाही. एवढं तिला दिसलं आणि आपल्याला नाही. पण घाटात वर पोचलेला माणूस मागे न बघता गेला तर तो मेंढपाळ कसला, हेही त्यांनीच तीस वर्षं गाऊन सांगितलं होतं. आता चाळीस माणसं त्यांच्या हातांकडे बघत होती.

त्यांनी हात मांडीवर ठेवायचे ठरवले होते. पण ते उभे होते, आणि उभ्या माणसाला मांडी नसते. त्यांनी तळवे उघडले.

"प्रभू," ते म्हणाले, आणि अर्ध्या वाक्यात त्याला चाल लागली, "ज्यांच्या छातीत दम आहे त्यांना गाऊ दे. ज्यांचा संपत आला त्यांना ऐकू दे. या लेकीला घर दे, आणि घराला चूल दे. माझ्या पोटात काय पेटलंय ते तुला ठाऊक आहे. ते विझत नसेल तर त्या चुलीत घाल. हिवाळा लांब असतो, उपयोगी पडेल. आमेन."

"आमेन," मंडळी म्हणाली, आणि चाळीस माणसांचे हात चेहऱ्यांवरून खाली उतरले.

निघताना बाबांनी पिशवीतून पावाची पुरचुंडी काढून जिपारच्या हातात कोंबली.

तिनं उघडून पाहिली. "थंड झाली, तोके."

"मग गरम कर. घर मिळालंय ना, चूल पेटव."

घर आज नारिनला नदीकाठी उभं आहे. भिंतीवर सध्या नऊ कोमुझ आहेत. बाबा महिन्यातून दोनदा बसनं दोलोनचा घाट ओलांडून जातात. दारासमोरच्या मानाच्या जागी बसतात, आणि ही तार सैल, ती घाई करते, असं म्हणत राहतात. जिपारचं कौतुक कोणी केलं की अजूनही त्यांच्या पोटात कळ उठते. त्यांनीच मला सांगितलं. म्हणाले, "दर वेळी घाटात ती आग देवाच्या हवाली करतो. दर वेळी परतताना पुन्हा पिशवीत सापडते."

गाणाऱ्यांची आठवण सगळे ठेवतात, गाणं दुसऱ्याच्या हाती देऊन ऐकायला बसणाऱ्याची कमीच जण. तुम्ही प्रार्थनेला बसाल तेव्हा एवढं करा, शेवटच्या शब्दाआधी जरा थांबा, आणि तोक्तोसुनबाबांची आठवण ठेवा.