पाचोडच्या कडुबाच्या सूचना

माझा सम्यक आणि त्याचे दोन मित्र मिळून मराठीतलं लिनक्स करतात. विंडोजच्या जागी हे कंप्युटरवर टाकायचं, तेही फुकट. काय सुधारायचं ते कळवा, असं त्यांनी इंटरनेटवर आपल्या पानावर लिहून ठेवलंय. लोकांचं काय, फुकटच्या वस्तूला नावं ठेवायला सगळ्यात पुढं! त्यांच्यात मीही होते. फक्त पाचोडचा कडुबा असं खोटं नाव घेऊन लिहायचे.

आईनं पोराला असं चोरून कशाला लिहावं? तर मला काचबिंदू झालाय. समोरचं दिसतं, कडेचं चाललंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, गेलेलं परत येत नाय, थेंब घालून राहिलेलं सांभाळायचं. वर हेही म्हणाल्या, रत्नमालाबाई, हे घराण्यात उतरतं, मुलाचे डोळे तपासून घ्या. मी मान हलवली आणि घरी येऊन थेंबाची बाटली डाळीच्या डब्यामागं लपवली. माझी आई याच दुखण्यानं आंधळी झाली होती. शेवटी शेवटी भाकरीचा तुकडासुद्धा तिच्या हातात द्यावा लागायचा. गुलमंडीत काकासाहेबांच्या छापखान्यात मी लग्नपत्रिका जुळवते. आंधळ्या बाईला ते काम कोण देणार?

सम्यकला डॉक्टरकडं न्यायचं म्हणजे आधी माझं सांगावं लागणार. म्हणून आज नाय उद्या करत राहिले. एवढ्या तरण्याताठ्या पोराला काय व्हतंय, अशी मनाची समजूत घालायची.

कडुबा लिहायचा, माऊसचा बाण मोठा करा, अक्षरं ठळक करा, बंद करायचं बटण कोपऱ्यातून मधे आणा. सम्यक जेवताना ते मला वाचून दाखवायचा. हा पाचोडवाला लई पिडतो म्हणायचा, पण एकेक करून द्यायचा. छापखान्यात त्यानंच हे लिनक्स बसवलं होतं, त्यामुळं माझं काम निभत होतं.

मग ती पत्रिका झाली. आमच्याकडं नवी पत्रिका कुणी कोऱ्यावर करत नाय. जुनी उघडायची, नावं बदलायची, वरचं चित्र बदलायचं. पैठणच्या एका बौद्ध घरची होती. मी मधोमध तथागतांचं चित्र बसवलं, खाली नावं भरली, आणि डाव्या कोपऱ्यात आधीच्या पत्रिकेतला गणपती तसाच राहिला. छापायच्या आधी मुलीच्या वडलांनी नमुना पाहिला म्हणून अब्रू वाचली. "ताई, तुम्ही तर आपल्यातल्याच ना?" एवढंच ते म्हणाले. काकासाहेबांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

घरी येऊन कडुबानं लिहिलं की कडेला काही राहिलं तर कंप्युटरनं तोंडानं बोलून सांगावं.

जेवताना सम्यकनं ते वाचलं. या वेळी चेष्टा केली नाय. भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसला. यानं ओळखलं, असं मला वाटलं. काय थाप मारावी, ते मी मनात जुळवायला घेतलं.

"आई, हा कडुबा खरं सांगतो," तो म्हणाला. "कडेचं मला पण पटकन सापडत नाय आजकाल. बाण मोठा केला, तर मलाच बरं पडलं. मला वाटलं, जागरणानं व्हत असंल."

मी त्याच्या डाव्या हाताला बसले होते. काय सुचलं कुणास ठाऊक, ठेच्याची वाटी उचलली आणि त्याच्या कानापासून हळूहळू पुढं आणायला लागले. तो समोर बघत बोलतच होता. वाटी गालाच्या पुढं आली तरी त्याला पत्ता नाय. वाटी माझ्या हातात कलली आणि ठेचा त्याच्या बाहीवर सांडला.

तेव्हा कुठं तो दचकला. ही वाटी कुठून आली म्हणून विचारायला लागला.

"सम्यक, तो कडुबा म्हणजे मीच," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. डॉक्टरबाई त्याच्याबद्दल काय म्हणाल्या होत्या, तेही सांगितलं.

तो बाही पुसत होता. पुसायचा थांबला.

"कधी म्हणाल्या होत्या?"

"मागच्या उन्हाळ्यात."

त्यानं उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि खोलीभर बघायला लागला, दाराकडं, खिडकीकडं, मग माझ्याकडं. माझ्याकडं बघताना त्याला पुरी मान वळवावी लागली.