जाणारा पाठीवर जातो

हेमराजने गुडघ्याला पट्टीचा तिसरा वेढा दिला आणि टोक दातांनी तोडलं. लग्नाच्या लॉनवर कार्यक्रम असला की पहिलवानांना नवरीची खोली मिळते. समोरच्या आरशाच्या कडेला कुठल्या कुठल्या वऱ्हाडणींनी टिकल्या चिकटवून ठेवल्या होत्या. त्या टिकल्यांच्या मधोमध काळी चड्डी घातलेला, शंभर किलोचा, बेचाळीस वर्षांचा 'जल्लाद' बसला होता.

"देवरावभाऊ, येक गोष्ट होती," तो आरशातच बघत म्हणाला.

देवराव या कुस्त्यांचे खेळ लावणाऱ्या मंडळीचा मालक. रिंग त्याची, भोंगे त्याचे, आणि कोण जिंकणार हे ठरवणंही त्याचंच.

"बोल ना गा."

"आज मले जिंकू द्या."

देवरावला आधी थट्टाच वाटली. मग त्याने हेमराजचा चेहरा पाहिला.

"काहून? काय झालं आज?"

"माय आली हाय पाहाले. पहिल्यांदाच."

"अरे बाप्पा, हैदराबादची दोन माणसं समोर सोफ्यावर बसली हायेत. अभिजीतले पाहाले आली. त्यायले आवडला तं मोठ्या कंपनीत जाईल पोट्टा. अन् तूच तं घडवलं त्याले." देवरावने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाणारा पाठीवर जातो, हेमराज. तूच सांगतं ना सगळ्यांले?"

सांगत होताच. या धंद्याचा रिवाजच तसा. जो सोडून चालला त्याने शेवटच्या लढतीत पाठीवर पडायचं आणि मागून येणाऱ्याला मोठं करून जायचं. अभिजीतला हे शिकवताना हेमराजला स्वतःचंच मोठं कौतुक वाटलं होतं. लोकांना शिकवायला काय जातं! आपल्यावर आलं म्हणजे कळतं.

आठवडाभर हिंगण्याच्या कारखान्यात खोकी बांधायची आणि रविवारी उमरेड, भंडारा, गोंदिया, जिथे रिंग लागेल तिथे जाऊन हरायचं, अशी त्याची चौदा वर्षं गेली. कुणीतरी हरल्याशिवाय कुणी जिंकत नाही, आणि देवरावच्या मंडळीत हरायचं काम हेमराजचं. पोरं त्याच्यावर पाण्याच्या बाटल्या फेकत, म्हाताऱ्या बोटं मोडत. त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. दुष्ट माणसाला शिव्या पडल्या नाहीत तर त्याचं काम फसलं असंच तो मानायचा.

वाईट वाटायचं ते घरी आल्यावर. निकाल आधी ठरलेला असतो हे घरच्यांनाही सांगायचं नाही, अशी देवरावने प्रत्येकाकडून रिंगवर हात ठेवून शपथ घेतलेली. हेमराजने ती इमानाने पाळली. हुडकेश्वरच्या दोन खोल्यांच्या घराचं दार उघडताना अनुसया, त्याची आई, एकच प्रश्न विचारायची.

"जिंकला का?"

"नाई, माय."

मग ती तेलात हळद गरम करायची, पाठीला चोळायची आणि ज्याने मारलं त्याचे हात झडोत म्हणून तोंडभर शिव्या द्यायची. खोटं सांगायचीही सोय नव्हती. शेजारचं कुणी ना कुणी मोबाइलवर लढत दाखवून मोकळं व्हायचं. चौदा वर्षं आईला वाटतंय की आपला पोरगा नुसता मार खातो. हे त्याच्या मनाला फार लागलेलं होतं. नवरा गेल्यावर गोळीबार चौकातला हातमाग विकून जिने त्याला दूध-बदामावर वाढवलं, तिच्या डोळ्यांसमोर एकदा तरी आपला हात वर व्हावा, इतकंच त्याला हवं होतं. पावसाळ्यात डॉक्टरांनी मानेचा मणका सरकल्याचं सांगितलं. आणखी एक वाकडी आपट बसली तर हात लुळे पडतील म्हणाले. म्हणजे आजची शेवटची.

"ठीक हाय," तो देवरावला म्हणाला आणि उठला.

पाच वाजले होते. ऊन अजून लॉनवर होतं. आई पहिल्याच रांगेत, लाल खुर्चीवर, मांडीवर पिशवी धरून बसलेली त्याला दिसली. त्याने नेहमीसारखी लोकांकडे बघून मूठ आवळली, लोकांनी नेहमीसारखा 'जल्लाद हाय हाय'चा गजर केला. मग अभिजीत आला आणि पोरं खुर्च्यांवर चढली. चोवीस वर्षांचं देखणं, चपळ पोरगं ते. रिंगमध्ये येताना त्याने हेमराजच्या पायांकडे पाहून मान किंचित झुकवली. उस्तादाला नमस्कार करायचा राहू नये, आणि लोकांनाही कळू नये.

ही लढत कशी लढायची ते दोघांनी महिनाभर हेमराजच्या घराच्या गच्चीवर जुनी गादी टाकून बसवलं होतं. आधी हेमराज त्याला चीत करणार. पंच सुशील 'एक, दोन' मोजणार; तीन झाले की खालचा हरला. दोनवर अभिजीत खांदा उचलून सुटणार, आणि मग हेमराजला उचलून आपटणार. उचलताना मानेला धक्का लागू नये म्हणून अभिजीतने ती एक आपट शंभर वेळा घोटली होती.

चौथ्या मिनिटाला हेमराजने त्याला खाली घेतलं आणि छातीवर आडवा पडला. सुशीलने चटईवर हात मारला. एक.

हेमराजने मान वळवली तर समोर आई. पिशवीचे बंद तिने घट्ट धरले होते.

दोन.

अभिजीतचा खांदा उठायला लागला आणि हेमराजने तो दाबला. लहानपणी मातीतल्या आखाड्यात शिकलेली, चौदा वर्षं न वापरलेली खरी ताकद त्याने अंगात आणली. खालून अभिजीतने एकदा जोर केला. मग त्याच्या हाताने हेमराजचं मनगट शोधलं आणि दोनदा दाबलं. जिंकण्याच्या नादात हेमराजला ती विनवणी वाटली. त्याने उत्तर दिलं नाही. पुन्हा दोनदा. मग खालचं अंग एकदम सैल पडलं. पोराचा जोर सरला, असं हेमराजला वाटलं आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याची छाती फुगली.

सुशीलचा हात हवेत थांबला होता. पण खांदे टेकलेले असले की पंचाला मोजावंच लागतं, नाहीतर भर लोकांत सगळं उघडं पडतं. त्याने हात मारला. तीन.

लॉन गप्प झालं. मग मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. सोफ्यावरची दोन माणसं एकमेकांशी काही बोलली, उठली आणि फाटकाकडे चालू लागली.

नवरीच्या खोलीत देवराव आधीच येऊन उभा होता.

"वाटोळं केलं तूनं त्या पोट्ट्याचं! गेली ती माणसं. चार मिनिटांत हरणाऱ्याले कोण नेते? काहून केलं असं, आं?"

हेमराज काही बोलणार तेवढ्यात अभिजीत दार ढकलून आत आला. त्याच्या हातात शीतपेयांच्या पेटीतून उपसून आणलेला बर्फ होता, रुमालात बांधलेला. तो सैरभैर झाला होता.

"भाऊ, हलू नका! बसा खाली. मान हाय ना? बोटं हालतात का?"

हेमराज खाली बसला.

"मी दोनदा हात दाबला. परत दाबला. तुम्ही उलटून दाबलाच नाई." अभिजीतने बर्फ त्याच्या मानेला लावला. "तुम्हीच सांगतलं होतं ना, की समोरच्यानं हात दाबून नाई देल्ला तं त्याची मान गेली समजाचं, अन् आपण हालाचं नाई. म्हून मी पडून राह्यलो. सुशीलभाऊनं मोजलं तं मोजू देलं."

देवरावचा राग ओसरला. "मान का? मंग सांगाचं ना गा मले. मी उगाच बोललो."

दोघंही त्याच्याकडे बघत होते. आता खरं सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. पण हेमराज होकाराची मान हलवणार तोच अभिजीत ओरडला, "हलवू नका!"

"मेडिकलच्या दवाखान्यात नेतो तुम्हाले. गाडी काढतो," तो म्हणाला. "त्या माणसांचं काय, पुढच्या वर्षी येतील." ते येणार नाहीत हे तिघांनाही माहीत होतं.

हेमराज अंगावर शर्ट चढवून बाहेर आला. खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. आई तिथेच बसली होती. त्याला पाहून तिने शेजारच्या खुर्चीवरची धूळ पदराने पुसली.

"झालं का?"

"झालं, माय. पाह्यलं ना?"

"पाह्यलं. आज तुले जिंकू देल्लं म्हणजे."

हेमराज बसता बसता थांबला.

"जिंकू देल्लं?"

"गच्चीवर पापड वाळवाले कोण जाते रे? 'आता तू पड, आता मी पडतो.' येवढे दिवस चाललं होतं ना तुमचं. अन् त्याच्या आधी त्या दुसऱ्या पोट्ट्यासंगं. मी काय आंधळी हाओ?"

"मंग दर वेळेस काहून विचारत जाय, जिंकला का म्हून?"

"तू लपवून राह्यला होता. म्हटलं, असंन काही कारण." तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली. "बरं केलं पण. शेवटच्या दिवशी तरी देल्लं. कोणं, देवरावनं सांगतलं का?"

फाटकाजवळ अभिजीत गाडीच्या मागच्या सीटवर मंडपाची उशी नीट लावत होता.

"नाई," हेमराज म्हणाला. "अभिजीतनं देल्लं."

"मनानं मोठा हाय पोट्टा. जेवाले बलाव त्याले येकदा."

अभिजीत धावत आला. आईच्या पाया पडला आणि हेमराजच्या मानेमागे दोन्ही हात धरून त्याला हळूच उठवू लागला.

"घाबरू नका, आई. मानेले मार लागला भाऊच्या. दवाखान्यात मानेचा येक फोटो काढून घेऊ, बस."

हेमराजने मान ताठ धरली. अनुसयाने त्या मानेकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि "असंन काही कारण," असं पुटपुटत पिशवी उचलली.