साळू नावाचा प्राणी

"चोराच्या घरात चाललीयास, डोळं उगडं ठेव!" आजीनं, साळूबाईनं, वैष्णवीला सकाळीच बजावलं. लवळ्याच्या डोंगरावर विद्यापीठ झालं, नात तिथं मराठी शिकायला लागली, तरी आजीचा राग काही उतरला नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी आजीच्या वडिलांची, हैबतरावांची, कवितांची वही घरातून गेली ती गेलीच. "पुण्याचा मास्तर वाचायला म्हणून घिऊन गेला," असं आजोबांनी, कोंडिबांनी, तिला सांगितलं. तेव्हापासून शिकलेला माणूस दिसला की आजी पदर सावरायच्या आधी घरातल्या वस्तू सावरायची!

आज वर्गाला दुर्मीळ हस्तलिखितं बघायची होती. पुण्यातला एक जुना संग्रहच विद्यापीठात आला होता, आणि त्याच्यासोबत तो सांभाळणारे बंडोपंतही.

"पेन बाहेर. हात लावायचा नाही," बंडोपंत म्हणाले आणि पोरांच्या हातांवर नजर ठेवून बसले. वैष्णवीनं त्यांच्याच हातांवर ठेवली. म्हातारा भलताच सावध वाटत होता.

तिसऱ्या वहीपाशी ती थबकली. 'साळू माझी रुसली बाई, बोलत न्हाई कुणाशी.' अहो, ही ओळ तर आजी भाजी निवडताना रोज गुणगुणते! शेजारी चिठ्ठी होती: 'कवी अज्ञात. साळू या काटेरी प्राण्यास उद्देशून. साळू हे संतप्त मनाचे प्रतीक.'

"प्राणी? अहो, साळू माझी आजी हाय!" वैष्णवीचा आवाज चढला. "कवी अज्ञात न्हाई, हैबतराव. वही कुटनं आणली तुमी?"

बंडोपंतांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ते सांगता येत नाही."

"का? चोरीची हाय म्हणून?"

म्हाताऱ्याला ते झोंबलं. तरातरा कपाटाकडे जाऊन त्यांनी वह्या देणाऱ्यांची नोंदवही आणली आणि तिच्यापुढं आदळली. "वाच. तूच वाच!"

'सासरे वारल्यापासून बायको ही वही उराशी धरून रडते. जेवत नाही. म्हणून देत आहे. कुणाचेच नाव लावू नये.' खाली सही: कोंडीबा. डी दीर्घ. सातवीपर्यंत तिच्या प्रगतिपुस्तकावर हीच चुकलेली डी होती. आजी चाळीस वर्षं मास्तराला शिव्या घालायची, आणि आजोबा होते तोवर समोर बसून मुकाट तंबाखू मळायचे. वैष्णवीला आजोबांचा राग आला, आणि रडूही आलं.

बाहेर येऊन तिनं घरी फोन लावला.

"आजी, वही घावली."

पलीकडे नुसते हुंदके. मग आजी म्हणाली, "आन चोर?"

"त्यो मेला, आजी. सात वर्सं झाली."

"मेला व्हय?" आजीचा आवाज उतरला. "आसू दे. मेलेल्यावर काय राग धरायचा. पर त्याच्या बायकूला तरी ठावं व्हतं का गं?"

"न्हाई आजी," वैष्णवी म्हणाली. "तिला न्हाई ठावं."