कागदातून कापलेले हात

ठिणगीचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं, आणि विचारायची कुणाची टापही नव्हती. छपाईचं दुकान तिचं, आणि गल्लीतला सगळ्यात मोठा आवाजही तिचाच. तिची वहिनी चित्रं काढायची, ठिणगी ती छापायची, आणि भांडायच्या दोघी मिळून.

त्या दिवशी मात्र भांडायला वेळ नव्हता. गल्लीतला दवाखाना बंद करायचं घाटत होतं. दुपारी मोठे साहेब पाहणीला येणार होते. त्याआधी दवाखान्याची भिंत पोस्टरांनी भरून टाकायची होती, आणि पोस्टरवर असणार होती तिथली नर्स. ठिणगीचा पोरगा सातव्या महिन्यातच जन्मला होता, मांजराच्या पिल्लाएवढा. त्याला छातीशी धरून ही नर्स बसून राहिली, खाली ठेवलाच नाही. आता तोच पोरगा आईला उलट उत्तरं देतो! दवाखाना गेला की नर्सही जाणार होती.

सकाळीच तिने छपाईची जाळी लेप देऊन मागच्या खोलीत वाळत घातली. त्या खोलीत एक मिणमिणता पिवळा दिवा तेवढा. कारण हा लेप उजेडात घट्ट होतो; फिल्मवरच्या चित्राखाली तेवढा मऊ राहून धुऊन निघतो, आणि तिथूनच शाई उतरते. वर चित्राची फिल्म न ठेवता ऊन लागलं, तर अख्खी जाळी बुजून जाते, मग शाईचा थेंब उतरत नाही. ठिणगी हे सगळ्यांना ओरडून ओरडून सांगायची.

आणि तिनेच वहिनीने काढलेलं चित्र हातात नाचवत मागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. आत वहिनी जाळी वाळली का ते बघत होती.

"वहिनी, हे नाक नर्सचं काढलंयस की पोपटाचं?"

"वन्सं, दार..."

"दाराचं नंतर! आधी नाकाचं बोल!"

"अहो, दार लावा ना!"

ऊन थेट जाळीवर पडलं होतं. ठिणगीने बघितलं आणि ती लेपाच्या डब्याकडे धावली. तो केव्हाच खरवडून झाला होता. आता वहिनी बोलेल ते गपगुमान ऐकायचं, असं तिने जन्मात पहिल्यांदा ठरवलं.

वहिनी म्हणाली, "ती दुसरी, लेप न लावलेली जाळी काढा. आणि ब्लेड द्या."

"माझा गळा कापतेस?"

"तो सवडीने. आधी कागद."

कागद कापून जाळीखाली लावला, की कापलेल्या जागेतूनच शाई उतरते. पण कागदात बारीक काही टिकत नाही, नाक-डोळे तर नाहीच नाही. वहिनीने चेहरा सोडून दिला. तिने कापले फक्त दोन हात, काहीतरी अलगद धरल्यासारखे, आणि मधे बाळाची जागा कोरी ठेवली. शाईने भिजून कागदाचा लगदा व्हायचा. वहिनी लगेच दुसरा कापायची. ठिणगी छापायची, पोरगा वाळत घालायचा. कुणी कुणाला टोमणा मारला नाही. ठिणगीला उगाच रडू येत होतं.

दुपारी साहेब आले आणि हातांच्या पोस्टरांनी भरलेल्या भिंतीसमोर थबकले. भोवती सगळी गल्ली जमली होती.

"हे कुणाचे हात?"

"आमच्या नर्सचे. माझी नात होती त्या हातांत," भाजीवाली म्हणाली.

"आमची दोन्ही पोरं," रिक्षावाला म्हणाला. मग मागून आणखी कुणीतरी, आणि मग सगळेच एकदम.

साहेबांनी घाम पुसला. "बरं, बरं! बंद करत नाही. मी तसं वर कळवतो."

गलका झाला. ठिणगी वहिनीजवळ सरकली. "तू होतीस म्हणून गं."

"घसा बसला का वन्सं? आवाज एवढा मऊ?"

तेवढ्यात नर्स बाहेर आली. कमरेवर हात ठेवून तिने पोस्टर निरखलं. "माझी बोटं एवढी जाडी आहेत?"

"दाखव बघू," म्हणत ठिणगीने तिचा हात हातात घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

"अगं सोड," नर्स म्हणाली, "आत पेशंट ताटकळलेत."

ठिणगीने मान हलवली, पण हात काही सोडला नाही.