तिसरा प्रश्न

"मी तुला मॅडम म्हणेन, आणि तू ओळख दाखवायची नाहीस," लेकीने फोनवर बजावलं होतं. लेकीच्याच कॉलेजात आज आईचा सिनेमा दाखवणार होते.

चौदा वर्षांत आईने निर्माती म्हणून चार सिनेमे काढले. पाठीशी मोठी कंपनी नाही. एकेका माणसाला गळ घालून जमवलेलं सगळं. पहिले दोन जेमतेम थिएटरपर्यंत पोचले, तिसरा तोंडावर आपटला. चौथ्याला कुणी दारातही उभं करेना, म्हणून तो घेऊन ती कॉलेजं पालथी घालत होती.

सभागृहातले दिवे मालवले आणि तिच्या पायाला भिंगरी लागली. खिडकीतून उजेड येतोय म्हणून तिने तिथला पडदा पिनांनी घट्ट बसवला. डावा स्पीकर करकरतोय म्हणून ऑपरेटरच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली.

"बाई, बसा की जरा. सिनेमा काही पळून जात नाही."

"प्रेक्षक जातात ना!"

मधेच दोघं उठून गेले, तेव्हा ती दारापर्यंत त्यांच्या मागे गेली. मागच्या रांगेत लेक मैत्रिणींमध्ये बसली होती. हसायच्या जागी सगळे हसले. फक्त लेक हसली नाही.

सिनेमा संपल्यावर प्रश्न सुरू झाले. पहिला दिग्दर्शकाबद्दल, दुसरा नटीबद्दल. तिसऱ्याला लेकच उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही महिनोन्‌महिने शूटिंगला असायचात. तेव्हा घरी कोण असायचं?"

आईने माइक तोंडाजवळ धरला. "मुलगी. आणि तिची आत्या."

"मुलीला विचारलं होतंत?"

"नाही. ती नको म्हणाली असती, आणि मी तरीही गेले असते. म्हणून विचारलंच नाही."

कार्यक्रम चालवणाऱ्या सरांनी घाईघाईने पुढचा प्रश्न मागितला. लेक खाली बसली, पण नंतरच्या एकाही प्रश्नाचं उत्तर आईला धड देता आलं नाही.

बाहेर ती सामान आवरत होती तेव्हा लेक आली. मैत्रिणी चार पावलांवर उभ्या होत्या.

"आई, घरी कधी येणारेस?" लेकीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"शनिवारी," आई पटकन बोलून गेली. मग जीभ चावली. "नाही गं, शनिवारी दुसऱ्या कॉलेजात आहे. रविवारी येते."

"बघू," लेक म्हणाली. चेहरा तसाच होता. पण बॅगेचा एक बंद तिने हातात घेतला आणि दोघी फाटकाकडे निघाल्या.