जिभेने ओळखलेला दात

मी एक जुना जबडा आहे. पण मित्रांनो, मी कधीच कुणाच्या तोंडात नव्हतो. मी प्लास्टिकचा आहे. रुग्णालयाच्या तळमजल्यावर त्रिमितीय छपाईचे एक यंत्र आहे. वितळलेल्या प्लास्टिकची दोऱ्याएवढी धार सोडत, थरावर थर चढवत त्याने मला घडवले.

वरच्या मजल्यावर एक मुलगी होती. सारखी बडबडायची, म्हणून तिची मावशी तिला टकळी म्हणे. तिच्या जबड्यात डावीकडे गाठ होती. गाठीबरोबर तिथले हाडही काढायचे होते आणि त्या जागी धातूची पट्टी बसवायची होती. पट्टी चपखल बसली, तरच टकळीला पूर्वीसारखे चावता-बोलता येणार होते. म्हणून यंत्रावरच्या ताईंनी संगणकात गाठीचा फुगवटा पुसून, जबडा जसा असायला हवा तसा मला छापला. डॉक्टरबाईंनी पकडीने वाकवत पट्टी माझ्यावर बेतली. केसभरही फट उरली नाही.

"झकास!" त्या म्हणाल्या. मला आभाळ ठेंगणे झाले.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी मला टकळीच्या हातात दिले.

"शी! याने दात घासलेत का?"

"तुझ्यापेक्षा बरे घासलेत," मावशी म्हणाली. आणि तिने टकळीची चादर पुन्हा सारखी केली.

टकळीने मला आपल्या हनुवटीखाली धरले आणि दातांवरून बोट फिरवले. बोट थांबले. "माझा वाकडा दात उजवीकडे आहे. याचा डावीकडे कसा?"

"आरशातल्यासारखं उलटं वाटत असेल, बाळा," मावशी म्हणाली.

"मी आरशात नाही बघत. जिभेनं बघतेय."

"गप गं, टकळे! डॉक्टरांना कळतं सगळं."

दारात स्ट्रेचर आले होते. डॉक्टरबाईंनी मला पाहिले, मग टकळीला म्हणाल्या, "आ कर."

त्यांनी तिच्या तोंडात बोट घातले.

"स्ट्रेचर परत न्या," त्या हळूच म्हणाल्या.

संगणकात माझे चित्र उलटे झाले होते. बाजू सांगणारी गाठच पुसल्यामुळे ते कुणाच्या नजरेत आले नव्हते. ताईंनी ते सुलटे करून नवा जबडा छापला. माझ्यावर बेतलेली पट्टी डॉक्टरबाईंनी त्याच्यावर ठेवून पाहिली. मध्ये करंगळी जाईल एवढी फट होती. पट्टी पुन्हा नव्याने वाकवली गेली.

ऑपरेशन झाले तेव्हा मी यंत्राशेजारच्या फळीवर होतो. वरून काहीच बातमी येत नव्हती. किती दिवस गेले कोण जाणे, मग एकदा दार उघडले आणि जरा बोबडा आवाज आला, "तो उलट्या कुठाय?"

माझ्या पोकळ अंगात काहीतरी भरून आले.

तेव्हापासून नवा नमुना आधी माझ्याशेजारी येतो. ताई त्याची डावी-उजवी बाजू तपासतात आणि डॉक्टरबाई तो रुग्णाच्या हातात देऊन विचारतात, "हा तुझाच ना?" मणके आले, तळहात आले, एका बाळाची कवटीही आली, ती त्याच्या आईच्या हातात दिली. ताई म्हणतात, पुढे कधीतरी हे यंत्र प्लास्टिकऐवजी जिवंत पेशींचे थर रचेल आणि खरे हाड छापेल.

मित्रांनो, तुमच्यातलेच कुणी ते यंत्र चालवेल. त्या वेळी माझी आठवण ठेवा आणि ज्याच्यासाठी छापता आहात, त्याला आधी विचारा. मी चुकलो, तर मला फळीवर ठेवता आले. जिवंत हाडासाठी फळी नसते.