मेंढरं धुण्याचा डोह

मेंढरं कातरायच्या आधी धुवावी लागतात. मातीनं भरलेली लोकर कात्रीला दाद देत नाही. म्हणून आमच्या वस्तीतला मेंढपाळ सोनाजी दर कातरणीला जवळच्या नाल्यात दगडमातीचा बांध घालायचा, कमरेएवढं पाणी तुंबवायचा आणि एकेक मेंढरू डोहात ओढायचा. बांध नेमका माझ्या शेताच्या कडेला पडायचा. मी कुरकुर करायचो, तो हसायचा, आणि शेवटी फावडं मीच द्यायचो.

त्या सकाळी डोह भरलेला होता, पण पाणी तांबूस होतं. नव्या बांधाची माती विरघळली असेल, असं सोनाजीला वाटलं. मलाही तसंच वाटलं. तो उतरला आणि मेंढरं धुवायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला,

"कडूबा, पायाला चावतंय रे."

"काय चावतंय?"

"पानी."

मला हसू आलं. ते हसू अजून मला टोचतं. काठावरची धुतलेली मेंढरं तोंडातून फेस गाळत अंग झाडायला लागली. ऊन तापेपर्यंत निम्मी आडवी झाली. सोनाजी बाहेर आला तेव्हा कमरेपर्यंत लालबुंद होता आणि बोटांची सालं निघत होती.

त्याची बायको बानाबाई विहिरीवरून घागर घेऊन धावत आली. त्याच्या पायावर पाणी ओतता ओतता तिचा हात थांबला.

"हीर बी नाल्याच्याच कडंला हाय की," ती म्हणाली. मागं तिची सून पुतळाबाई उभी होती, दिवस भरत आलेली. "पुतळे, आज पानी पेलीस का गं?"

"पेले की आत्याबाई. रोजच पेते."

मला त्या क्षणी जी भीती वाटली तिला नाव नाही. त्या विहिरीचं पाणी माझ्याही घरात होतं.

नाल्याच्या वरच्या अंगाला कंपन्या होत्या. बघता बघता माळ भरून गेला होता. जवळपास घरटी एक पोरगा तिथं लागला, म्हणून आम्ही सगळे खूश होतो. मात्र भोपाळची बातमी रेडिओवर ऐकल्यापासून कंपनीचा भोंगा अवेळी वाजला, की बानाबाई गाठोडं बांधून दारात उभी राहायची. लोक तिची टिंगल करायचे. त्या दिवशी कुणी केली नाही.

सोनाजीचा पोरगा मल्हारी तिथल्या एका रसायनाच्या कंपनीत होता. लागोपाठ दोन पाळ्या करून तो दुपारी घरी आला, तेव्हा आम्ही मेंढरं पुरायला खड्डा खणत होतो. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून मी वर टाकायला बाभळीच्या काटेरी फांद्या आणल्या होत्या. मल्हारीनं काय झालं ते विचारलंच नाही. तो खड्ड्याच्या कडेला खाली बसला.

"आबा, कंपनीतनं ते पानी सोडायचा व्हॉल म्याच फिरवतो."

सोनाजीच्या फडकं बांधलेल्या हातातली कुदळ थांबली.

"साफ करायची टाकी हाय आत. पर ती चालवत नायत. सुपरवायझर म्हनतो सोड, म्या सोडतो. मला वाटायचं, वाहून जातं. तुमी बांध घातला ते मला ठावं नवतं."

"मंग सांग की कुनाला."

"कुनाला सांगू? मला कायम व्हायचंय. पुतळीचं असं हाय. आन् उद्या पोलीस आले तर व्हॉलावर हात कुनाचा? माझाच."

बाप पुन्हा खड्डा खणायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डोहातलं पाणी डब्यात भरून मी आणि सोनाजी शहरात गेलो. क्रांती चौकात दुकानांची शटरं खाली होती आणि पोलिसांच्या गाड्या आडव्या लावलेल्या होत्या. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चा निघाला होता. आम्ही एका बंद दुकानाला पाठ लावून उभे राहिलो. मोर्चात पुढं एक म्हातारी होती, अनवाणी. समोर लाठ्या घेतलेले पोलीस. निळ्या झेंड्याची काठी तिच्या हातात लटलट कापत होती, पण ती थांबली नाही.

"भ्याली हाय ती बाई," सोनाजी हळूच म्हणाला. "तरी चाललीया."

प्रदूषणाच्या ऑफिसातला साहेब चांगला निघाला. भोपाळनंतर नवा कायदा आलाय, म्हणाला, आता कंपनीची वीज तोडता येते, कंपनीला टाळंसुद्धा लावता येतं. आमचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं डबा बाजूला सारला.

"हे पाणी कोर्टात चालत नाही. कंपनी म्हणेल, मेंढरांना औषध लावलं, त्याचंच हे पाणी. नमुना आम्हीच घ्यायचा, पाइपाच्या तोंडाशी, कंपनीच्या माणसासमोर. दोन बाटल्या, दोन्हीला सील. आणि दोन पंच लागतील."

"आन् तुमी येताल तवा पाइप कोरडा असला तर?" मी विचारलं.

साहेबानं चष्मा पुसला. "तर काही करता येत नाही."

साहेब जीप घेऊन आला तो दिवस मला लख्ख आठवतो. गेटवर त्याला बसवून ठेवलं, चहा पाजला, आत सोडायचा पास करत बसले. आम्ही नाल्यात पाइपाच्या तोंडाशी उभे होतो. अखेर साहेब मॅनेजरला घेऊन खाली आला, तेव्हा पाइपातून थेंबही पडत नव्हता.

"बघा साहेब," मॅनेजर म्हणाला. "गावच्या लोकांना समज नसते."

साहेबानं बाटल्यांच्या पेटीचं झाकण लावलं.

तेवढ्यात पाइपाच्या आत घरघर झाली. तांबूस पाण्याचा लोट धाडकन नाल्यात आला आणि डोळ्यांची आग व्हायला लागली. आम्ही वर पाहिलं. तारेच्या कुंपणापलीकडं मल्हारी व्हॉलच्या चाकाला दोन्ही हात लावून उभा होता.

"बंद कर," मॅनेजर ओरडला.

मल्हारीनं चाक आणखी फिरवलं.

साहेबानं घाईनं बाटल्या भरल्या, तोंडाला लाख लावली, मॅनेजरची सही घेतली. पहिला पंच मी. मी सही केली. मग शाईचा पॅड सोनाजीपुढं आला. मॅनेजर त्याच्याजवळ सरकला आणि अगदी मायेनं बोलल्यासारखं बोलला.

"बाबा, अंगठा दिला तर पोरगं उद्यापासून घरी. आणि व्हॉल्व्ह कुणी उघडला, ते पोलीसही विचारतील."

सोनाजीनं कुंपणाकडं पाहिलं.

"द्या आबा," वरून मल्हारी म्हणाला.

सोनाजीनं अंगठा दाबला. कागदावर नुसता काळा डाग उमटला. अंगठ्याची कातडी डोहात सोलून गेली होती, त्यावर एक रेघ शिल्लक नव्हती. दुसऱ्या हाताचा घेतला, तोही तसाच.

"हा चालायचा नाही," साहेब म्हणाला. "दुसरा कोणी आहे का?"

वस्तीतले बरेच जण काठावर होते. जो तो आपल्या पायाकडं बघायला लागला. प्रत्येकाचा कुणी ना कुणी कंपनीत होता. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझा पोरगा आत असता तर मीही खालीच पाहिलं असतं.

गर्दीतून बानाबाई पुढं आली, तीच, भोंग्याला भिणारी. आधी ती लेकाकडं बघून रडली, उघडउघड, पदर न लावता. मग हात पुढं केला.

"माझा घ्या."

"आई, तुमच्याच पोराची नोकरी जाईल," साहेब बोलून गेला.

"जाऊ द्या. मला लई भ्याव वाटतंय साहेब. तुमी लवकर घ्या."

तिचा अंगठा स्वच्छ उमटला.

पुढं कंपनीची वीज तुटली; पाणी साफ करायची टाकी चालू झाल्यावरच ती परत जोडली गेली. मल्हारीला कामावरून काढलं आणि पोलिसांनी चौकशीला पुन्हा पुन्हा बोलावलं. दर वेळी बानाबाई ठाण्याच्या पायरीवर बसून राहायची. पुतळाबाईची मुलगी धडधाकट जन्मली, तरी तिला खोकला आला की सगळं घर हातातलं काम टाकून तिच्याकडं बघतं. मल्हारी आता बापामागं मेंढरं वळतो.

नाल्याचं पाणी साफ झालंय म्हणतात. साहेबानं तसं सांगितलं, डोळ्यांनाही तसंच दिसतं. कातरणी आली की सोनाजी बांध घालतो आणि फावडं मी देतो, कुरकुर न करता. पण मेंढरांच्या आधी मल्हारी एकटा डोहात उतरतो आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो. आम्ही काठावर थांबतो. मेंढरं ओरडत असतात. बानाबाई त्यांच्याकडं बघत नाही. तिची नजर पाण्याखालच्या लेकाच्या पायांवर असते.

"चावतंय का रे?" ती विचारते.

"नाय, माय."

"आजून थांब," ती म्हणते.